गवताचं वय

जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या निरीक्षण मनोऱ्यावरून चार मित्र खाली उतरले. उन्हानं डोळे बारीक झालेले, एकाच्या गळ्यात नवी कोरी दुर्बीण. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "काय नाय बे इथं. नुस्तं गवत. चल, हुरडा निवंल." गाडी सुरू झाली, फुफाटा उडाला आणि बार्शी रस्त्याला लागली. त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. साडेदहाला माळावरची हवा थरथरू लागते, काळविटं बसून घेतात, पक्षी गप्प होतात आणि मनोऱ्यावरून खरोखरच नुसतं गवत दिसतं. तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. सोलापूर जिल्ह्यात जे काही जुनं आणि जिवंत उरलं आहे, त्यातलं बहुधा सगळ्यात जुनं त्यांच्या बुटाखाली होतं, आणि ते पाहायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

भीमाशंकरला किंवा कोकणातल्या एखाद्या देवराईत गेलेला माणूस जुनेपणा वर बघून ओळखतो. खोडाला कवेत घ्यायला चार माणसं लागली की तो आपोआप आवाज खाली आणतो. माळावर मान वर करून काहीच हाती लागत नाही. इथं वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे, आणि काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम. अशा जागी जीवनानं आपली सगळी शिल्लक जमिनीखाली ठेवली. वर दिसणारी काडी या वर्षीची असते. ती ज्या ठोंबातून आली तो ठोंब मात्र वर्षानुवर्षं त्याच जागी बसलेला असतो. दुष्काळ येतो, वणवा येतो, मेंढरं वरचं सगळं खाऊन जातात आणि मृगाच्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत ठोंब पुन्हा हिरवा होतो. खालची ही कणगी भरायला किती काळ लागतो, याचा अंदाज आता आला आहे. २०१५ मध्ये काही अभ्यासकांनी प्रथम ठासून मांडलं की जुन्या जंगलांप्रमाणे जुनी गवताळ रानंही वेगळी ओळखून जपायला हवीत. २०२० मध्ये आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी जगभरातल्या नोंदी एकत्र करून दाखवलं की एकदा मोडलेल्या माळावर मूळची वनस्पतींची विविधता परत यायला निदान शतक लागतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. नांगर मात्र एका दिवसात फिरतो.

आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे: पूर्वी इथं घनदाट अरण्य होतं, माणसानं ते तोडलं आणि उरला तो उजाड माळ. शाळेपासून हेच कानावर पडतं. सोलापूर, माढा, करमाळा, मंगळवेढा या पट्ट्यासाठी हे खरं नाही. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, चरित्रं आणि लोककथा चाळून त्यांत आलेल्या रानझाडांची यादी केली. निम्म्याहून बरीच जास्त झाडं विरळ, गवताळ, काटेरी रानातली निघाली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा हा माळ निदान साडेसातशे वर्षांपासून माळच आहे. धनगरांची दैवतं इथल्या मोकळ्या रानातून उगाच उभी राहिली नाहीत. मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते, घोंगड्या पांघरलेली माणसं दूरदूरहून येतात. हा सगळा लोकव्यवहार गवतावर उभा आहे, आणि गवत नवं असतं तर तोही एवढा जुना नसता.

तर, माळावर चालायचं कसं?

पहिली गोष्ट वेळेची. नान्नज सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला. सूर्य उगवताना तुम्ही पायी निघालेले असायला हवं, गाडीतून उतरत असायला नको. फरक मोठा आहे. पहाटेच्या गार हवेत दुर्बिणीतून अर्धा किलोमीटरवरचं काळवीट कानाच्या केसांसकट दिसतं. नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या मुरमावरून वर उठणारी हवा तेच चित्र वितळवून टाकते, मग कितीही महागाची दुर्बीण असो. हे अभयारण्य असल्यानं आत जायला वनखात्याची परवानगी लागते. सोबत वनमजूर किंवा स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि तो नेईल तीच वाट धरावी. बहुतेक चालणं जाळरेषेवरून होतं. जाळरेषा म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. तो आगीसाठी केलेला असला तरी चालणाऱ्याला सोन्याच्या मोलाचा आहे, कारण एका हाताला उभं गवत, दुसऱ्या हाताला उभं गवत, आणि मधल्या धुळीवर रात्रभर कोण कोण गेलं याची ताजी नोंद. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून चालावं. ऊन पाठीवर राहतं, समोरच्या जनावराचे रंग नीट दिसतात आणि परतताना ऊन डोळ्यांत येतं तोवर बघण्याची वेळ सरलेली असते.

अंतर दीड-दोन किलोमीटर पुरे. त्याला दोन तास द्यावेत. ज्यांना हे फार हळू वाटतं त्यांना एकच सांगणं: शंभर पावलं चाला, मग दोन मिनिटं उभे राहा. माळावरचे बहुतेक जीव लपायला झाडामागे जात नाहीत, ते जागच्या जागी गोठतात. तुम्ही चालत असेपर्यंत ते दगड असतात आणि थांबलात की त्यांचा धीर सुटतो. धाविक असाच दिसतो. मातीच्या रंगाचा, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी ओढलेला हा पक्षी चार पावलं सुळकन पळतो, ताठ उभा राहतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. तुमची मान दुसरीकडे वळलेली असेल तर तो नव्हताच. डोंबारी चंडोलासाठी मात्र फार नजर लागत नाही. नर हवेत पायऱ्या चढल्यागत वर जातो आणि शीळ घालत सरळ खाली झोकून देतो, जमिनीला लागतो असं वाटेपर्यंत. हे तो पुन्हा पुन्हा करतो, आणि पाचव्यांदा पाहतानाही पोटात गोळा येतो.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथंच बहुतेकांची सहल बिघडते. पांढरा किंवा भडक रंग नको, मातकट हवा. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, घोट्यावर येणारे बूट. मोजे लोकरीचे किंवा जाड विणीचे घातले की ऑक्टोबर ते जानेवारी तुमचा सगळा वेळ कुसळं उपटण्यात जाणार. गुळगुळीत कापडाची पट्टी घोट्याभोवती गुंडाळली की निम्मा त्रास वाचतो. पाणी माणशी दोन लिटर, हिवाळ्यातही. माळावर सावली म्हणजे एखादी बोर, एखादा हिवर आणि त्याखाली आधीच बसलेलं कुणीतरी. फुरशांचा मुलूख आहे, म्हणून अंधारात चालायचं नाही आणि दगडाच्या कपारीत हात घालायचा नाही.

आता कुसळ. ज्याला सगळे शिव्या देतात त्या कुसळी गवताचं एक बी तळहातावर घेऊन पाहावं. खाली सुईसारखं अणकुचीदार टोक, त्यावर मागच्या दिशेला झुकलेले बारीक ताठ केस, आणि वर लांब, पीळ पडलेली काळपट शेपटी. तळहातावर पाण्याचा एक थेंब टाकून ते बी त्यात ठेवा. काही क्षणांत शेपटीचा पीळ सुटू लागतो आणि सगळं बी आपल्याभोवती फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा उलटा पीळ. माळावर हेच घडतं: रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या फेऱ्यांत शेपटी पीळ सोडते, पीळ भरते आणि टोक मातीत घुसत जातं. मागे झुकलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. ना चोच, ना गुराचं खूर, ना माणसाचा हात. हे गवत आपली पेरणी स्वतः करतं, तीही वणव्याची झळ पोचणार नाही इतक्या खोलीवर. म्हणूनच मोज्यातलं कुसळ शेपटीला धरून ओढलं तर टोक आत मोडून राहतं. मोजा उलटा करावा, टोक चिमटीत धरावं आणि ज्या दिशेनं ते घुसलं त्याच दिशेनं पुढे काढावं. मेंढरांच्या अंगात शिरलेलं कुसळ मेंढपाळ असंच काढतात.

पण कुसळीच कुसळी दिसली तर आनंद मानू नये. दख्खनच्या या माळाचं मूळ गवत पवन्या आणि मारवेल. गवतांचे अभ्यासक या सगळ्या पट्ट्याला त्याच दोन गवतांच्या शास्त्रीय नावांनी, सेहिमा-डायकँथियम म्हणून ओळखतात. पवन्याचे ठोंब दाट, काडी सरळ, दाणे गळाल्यावर पेंढी फिकट सोनेरी. मारवेलीच्या पेरांवर पांढऱ्या केसांचं कडं असतं, नखानं चाचपलं तरी लागतं, आणि तुरा बोटांगत फुटतो. गुरांना दोन्ही आवडतात, म्हणून चराई हाताबाहेर गेली की आधी हीच दोन जातात. त्यांच्या जागी कुसळी येते. आणखी ताण पडला की वर्षायू, केसाळ, बारीक गवतं येतात, जी पावसाबरोबर उगवतात आणि दिवाळीनंतर वाऱ्यावर उडून जातात; खाली ठोंब नाही, मूळ नाही, उन्हाळ्यात उघडी माती. वाटेच्या कडेला गाजरगवत दिसलं तर तिथं कधीतरी चाक, फावडं किंवा मुरमाचा ट्रक येऊन गेला आहे हे नक्की समजावं. म्हणजे पावलागणिक गवताकडे बघत गेलं की गेल्या पन्नास वर्षांत त्या तुकड्याचं काय झालं हे न विचारता कळतं. मला या वाटेवरची सगळ्यात ओढ लावणारी गोष्ट हीच वाटते. पक्षी दिसेल, न दिसेल. गवत कधी चुकवत नाही.

गवताच्या ठोंबांमधल्या मोकळ्या जागेत गुडघ्यावर बसावं. बसल्याशिवाय दिसत नाही. श्रावणात विष्णुक्रांतेची निळी टिकली, शरपंखा, भुईला चिकटलेल्या नाना तऱ्हेच्या शेंगवर्गी वेली. खरपुडीचा कंद खाली असतो आणि तो खाण्यासाठी लोक इतका उकरतात की जुन्या माळावरही ती आता शोधावी लागते. रानकांदा तर उलट्याच वेळापत्रकानं चालतो: ऐन उन्हाळ्यात, पानाचा पत्ता नसताना, तापलेल्या मुरमातून एक बारीक दांडा वर येतो आणि त्यावर फुलं लागतात. पानं पावसाबरोबर. वर्षातले कित्येक महिने हा जीव जमिनीवर अस्तित्वातच नसतो. मेमध्ये येणारा पाहणी अधिकारी त्या जागेला ओसाड लिहून जातो आणि त्याच्या दृष्टीनं ते खोटंही नसतं. वाळवीची वारुळं, शेणकिड्यांनी ढकलत नेलेल्या गोळ्या, दवात चमकणारी गवताच्या बुंध्यातली नरसाळ्याच्या आकाराची कोळ्याची जाळी हा सगळा पसारा एका गुडघ्याएवढ्या उंचीच्या आत आहे.

काळविटाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे वाटेत एकाच ठिकाणी लेंड्यांचा मोठा ढीग दिसतो. तो एका नराचा हद्दीचा दगड आहे, रोज तिथं येऊन तो भर घालतो. त्यावरून चालत जाऊ नये. दुसरी जास्त महत्त्वाची. मादी नवजात पाडस गवतात लपवून लांब चरायला जाते. पाडस मान जमिनीला लावून निपचित पडून राहतं, जवळ गेलं तरी हलत नाही, कारण न हलणं हाच त्याचा बचाव. दरवर्षी कुणी ना कुणी कनवाळू माणूस असं 'अनाथ' पाडस उचलून घरी नेतो, बाटलीनं दूध पाजतो आणि बहुतेक वेळा ते मरतं. पाडस दिसलं तर आल्या पावली मागं व्हावं, वाटाड्याला सांगावं, फोटोसाठीही थांबू नये. आई पाहत असते आणि तुम्ही हलेपर्यंत ती येत नाही. खरा धोका वेगळाच आहे: गावाकडून येणाऱ्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या. पाडसं, सशाची पिल्लं, माळटिटवीची दगडात दगड होऊन राहिलेली अंडी, काहीच त्यांच्यापासून सुटत नाही. इथल्या लांडग्यांनाही कुत्र्यांपासून रोग लागतात आणि त्यांच्याशी संकरही होतो. मुक्या जनावराच्या दयेपोटी उरलेलं अन्न अभयारण्याच्या कडेला टाकणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं.

हिवाळ्यात शक्य असेल तर संध्याकाळचीही एक फेरी करावी. मध्य आशियातून आलेले भोवत्ये दिवसभर दूरदूरच्या शेतांवर नाकतोडे आणि उंदीर टिपत फिरतात आणि सूर्य टेकला की उंच गवतावर एकेक करून जमू लागतात. हे शिकारी पक्षी झाडावर झोपत नाहीत, उभ्या गवतात जमिनीवर उतरतात. म्हणून गवत कापायचं तरी सगळं एकदम कापून चालत नाही. भोवत्याला कंबरेएवढं उभं गवत लागतं, माळढोकाला चौफेर नजर जाईल असं गुडघ्यापर्यंतचं, धाविकाला तर जवळजवळ उघडी जमीन. जुन्या माळावर हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. कुठं मेंढरं बसली, कुठं वणवा गेला, कुठं पाणी साठलं, त्यावर ते ठरतं. एकसारखी कापणी किंवा एकसारखी बंदी, दोन्हींनी हे मिश्रण बिघडतं.

आणि माळढोक? ज्याच्या नावानं हे सगळं राखलं, त्याला पाहायला म्हणून आता कुणी येऊ नये. नान्नजला तो दिसणं हा अपवाद झाला आहे. जगात दीडशेच्या आत उरलेला हा पक्षी. नर जवळजवळ मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत, उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सगळ्यात वजनदारांपैकी एक. पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून तो असा खोल हुंकार काढायचा की तो अर्धा किलोमीटर लांब ऐकू जाई. मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि जवळपास सत्तावीस दिवस उबवते. गायीचा पाय, कुत्र्याचं नाक, ट्रॅक्टरचं चाक, यांतलं एक पुरेसं असतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. आजूबाजूचं उत्तम दिसतं, नाकासमोरचं फारसं नाही. विजेची तार समोर येते तेव्हा एवढ्या वजनाच्या पक्ष्याला वळायला वेळ उरत नाही.

१९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा नकाशावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास रंग भरला गेला. त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या तालुक्यांच्या तालुके, गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं आलं. शेतकऱ्याला स्वतःची जमीन विकताना, विहीर किंवा कारखाना काढताना वर्षानुवर्षं अडथळे आले आणि 'माळढोक' हा शब्द गावागावांत राग येऊन उच्चारला जाऊ लागला. पुढे क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणलं, पण तोवर पक्ष्याची आणि माणसाची सोयरीक तुटली होती. हा राग मला पूर्ण पटतो. ज्यानं हरभऱ्याच्या रानात माळढोक चरताना पाहून काठी उगारली नाही, ज्याच्या उभ्या ज्वारीत आजही काळविटांचा कळप रात्रभर बसतो, त्याला विचारून काहीच ठरलं नव्हतं. आणि तरीही, तो कायदा नसता तर नान्नजच्या त्या कुरणावर आज द्राक्षबाग असती, हेही तितकंच खरं. सोनाका द्राक्षाचा उगम याच गावातला. कुंपणाच्या एका बाजूला ठिबकची नळी आणि दुसऱ्या बाजूला पवन्या, अशी वाट चालताना दोन्हींकडे आदरानं पाहावंसं वाटतं, आणि दोन्हींचं एकमेकांशी कसं जमवायचं ते मात्र सुचत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र चांगल्या हेतूनं झालं.

माळ म्हणजे रिकामी जागा, रिकामी जागा म्हणजे झाडं लावायची जागा, हे समीकरण फार जुनं आहे. सरकारी नोंदीत गवताळ रानं पडीक म्हणून धरली जातात. मग तिथं गिरिपुष्प आलं, सुबाभूळ आली, निलगिरी आली. २०१६ ला दोन कोटी झाडांपासून सुरू झालेली राज्याची मोहीम २०१९ ला तेहतीस कोटींवर पोचली, आणि गायरानं व माळ ही तिच्यासाठी सोपी जागा होती. झाड लावण्याआधी सलग समतल चर खणतात: साधारण साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल, उताराला आडवा, एकापाठोपाठ एक. उघड्या, धुपलेल्या डोंगरउतारावर हे काम मोलाचं आहे. जुन्या माळावर तेच काम जेसीबीनं केलं की चराच्या ओळीतला प्रत्येक ठोंब मुळासकट उपटला जातो, बाजूच्या पट्ट्यावर मातीचा भराव पडून तिथलंही गवत गुदमरतं, आणि मोकळ्या मातीत पहिल्याच पावसाला गाजरगवत आणि वेडी बाभूळ शिरतात. लावलेली रोपं टँकरच्या पाण्यावर दोन उन्हाळे काढतात. जगली तर सावलीखाली पवन्या मरतो, कारण त्याला पूर्ण ऊन लागतं. त्या झाडांवर बसून गिधाड-गरुड नव्हे तर कावळे जमिनीवरच्या अंड्यांवर टेहळणी करतात. नाही जगली तर नुसते चर उरतात. दोन्हीकडून माळ गेला.

मेंढपाळाला बाहेर काढणं हीही तशीच चूक. बेसुमार चराईनं माळ मरतो हे खरं, पण बंदिस्त कुरणात वर्षानुवर्षं न चरलेलं, न कापलेलं गवत स्वतःवरच आडवं पडतं, जुन्या काडीचा थर साठतो, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, आणि फेब्रुवारीत ठिणगी पडली तर आग मुळापर्यंत उतरते. धनगरांचे खांडवे, म्हणजे मेंढरांचे कळप, एका जागी राहत नव्हते. पावसाळ्यात माळावर, सुगीनंतर रिकाम्या शेतांत. शेतकरी धान्य देऊन रानात मेंढरं बसवून घ्यायचा, लेंडीखत मिळायचं. माळाला विसावा मिळायचा आणि तोही बरोबर बी पडण्याच्या काळात. उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस बारमाही उभा राहिला आणि सुगीनंतरचं रिकामं रान संपलं. खांडवे तेवढेच, माळ कमी. मग चराईचा सगळा भार उरलेल्या तुकड्यांवर. गवत बी गळल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटापासून पुढे, जमिनीपासून चार बोटं ठेवून, आलटून पालटून पट्ट्यांनी कापावं आणि कापायचा हक्क आधी लगतच्या गावांतल्या जनावरवाल्यांना द्यावा, एवढं जरी नेमानं झालं तरी पुष्कळ. गंजी त्यांच्या दारात लागली की वणवा विझवायला तेच पहिले धावतात.

नान्नजच्या वाटेवर दोन तास डोळे तयार झाले की खरं काम आपापल्या गावच्या गायरानावर आहे. मोहोळ, माढा, सांगोला, अक्कलकोट, कुठंही असे पाच-दहा एकरांचे तुकडे अजून आहेत आणि त्यांना कुठलंच कुंपण नाही. तिथं एक परीक्षा करता येते, जी अभयारण्यात करू नये. मुरमावर पडलेला एखादा नारळाएवढा दगड पाहा. वरच्या अंगावर राखाडी, हिरवट, केशरी डागांचे पापुद्रे असतील आणि ते अखंड असतील, तर तो दगड फार वर्षांत हललेला नाही. मग लांब काठीनं त्याची पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असेल तर तो तुमच्यापासून दूर निघून जाईल. खालच्या अंगाला चुनखडीचा पांढरा थर दिसेल. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच खळगीत ठेवायचा. जिथं पांढरी बाजू वर आणि पापुद्र्यांची बाजू खाली अशा दगडांचा पसारा असेल तिथं नांगर किंवा यंत्र फिरून गेलेलं आहे. ठोंब ठोंबाला लागून उभा, पवन्या-मारवेल अजून आहे, मधे रानकांदा, दगड न हललेले, एवढं जुळलं की तो जुना माळ.

अशा तुकड्याची नोंद गावच्या जैवविविधता नोंदवहीत फोटो आणि गट क्रमांकासह करून घ्यावी, तीही वृक्षारोपणाचा आराखडा ग्रामसभेपुढे येण्याआधी. साधारण मार्च-एप्रिलमध्ये खड्डे खणायला सुरुवात होते, तेव्हा जानेवारीची ग्रामसभा चुकवू नये. नुसतं 'झाडं नकोत' म्हणून कुणी ऐकत नाही आणि ऐकूही नये, कारण सावली सगळ्यांनाच हवी आहे. झाडांची जागा दाखवावी: ओढ्याचे दोन्ही काठ, शेताचे बांध, शाळेचं आवार, पाझर तलावाची खालची बाजू, रस्त्याच्या कडा आणि ज्या गायरानात पूर्वीच चर पडून गेले आहेत ते तुकडे. लिंब, बोर, हिवर, करंज, चिंच तिथं टँकरशिवायही तग धरतील.